एकतीस वर्षांचे धुणे

शहरातले पाणी नेमके कुठे जाते, असा प्रश्न घरगुती जलशिस्त विभागाला एका सोमवारी पडला. वास्तविक हा प्रश्न पडण्याचे काही कारण नव्हते, कारण मुख्य जलवाहिनी विभागाच्या इमारतीखालीच फुटलेली होती आणि तळमजल्यावरचे कर्मचारी गेली दोन वर्षे विटांवर पाय ठेवत आपापल्या टेबलापर्यंत पोहोचत होते. पण ती वाहिनी रस्ते विभागाच्या हद्दीत येत असल्यामुळे तिच्यातून वाहणारे पाणी विचारात घेता येत नव्हते. विचारात घेता येईल अशी जागा शोधता शोधता विभागाची नजर नागरिकांच्या न्हाणीघरांकडे वळली आणि तिथे कोपऱ्यात उभी असलेली कपडे धुण्याची यंत्रे तिला दिसली.

लगोलग परिपत्रक निघाले. पंधरा वर्षांहून अधिक वयाचे प्रत्येक धुलाईयंत्र तहानखोर समजण्यात येईल आणि ते जमा करून घेण्यात येईल. आधुनिक यंत्र प्रति धुणे केवळ अठ्ठेचाळीस लिटर पाणी घेते, हे सर्वांना माहीत आहेच. तहानखोर यंत्र प्रति धुणे किती अधिक घेते, ते मोजून सिद्ध करण्यात यावे. निष्कर्ष आधीच तयार असल्यामुळे मोजणीचे काम सोपे होते, म्हणून ते विभागातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाकडे आले.

या माणसाचे पद 'कनिष्ठ मापक (धुलाई)' असे होते, पण सगळे त्याला मापाडी म्हणत. त्याच्याकडे खुणा केलेली दहा लिटरची बादली, एक टमरेल आणि प्रपत्र धु-सातचा गठ्ठा होता. माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मात्र त्याला एक वाईट खोड होती. तो खरोखर मोजत असे. त्याची बायको म्हणायची, "ह्यांना पावसात उभं केलं, तर छत्री उघडायच्या आधी थेंब मोजतील." विभागात ही खोड कुणाला ठाऊक नव्हती, कारण आजवर तिथे मोजण्याची वेळच आली नव्हती.

पहिलेच घर निघाले तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंचे. काकूंनी ओल्या हातांनी दार उघडले आणि आधी बादलीकडे, मग मापाड्याकडे पाहिले.

"यंत्र न्यायला आलात?"

"नाही काकू, मी मोजायला आलोय. न्यायला दुसरे येतील."

"म्हणजे मोजल्यावर नेणारच?"

"परिपत्रकात तसंच आहे."

"मग मोजता कशाला?" काकूंनी विचारले. या प्रश्नाला प्रपत्रात रकाना नव्हता, त्यामुळे मापाड्याने पायताण काढले आणि तो आत गेला.

यंत्र एकतीस वर्षांचे होते. दोन हौद असलेले, म्हणजे एका हौदात धुवायचे आणि शेजारच्या छोट्या पिंपात पिळायचे, अशा जातीचे. मूळचा पांढरा रंग आता दातांसारखा पिवळसर झाला होता. एक बटण तुटले होते, तिथे कपाटाची मूठ बसवली होती, आणि पिंपाचे झाकण कपडे वाळत घालायच्या चिमट्यावर तग धरून होते. पिळताना ते जागचे हलायचे. एका पिळण्यात वीतभर चालत न्हाणीघराच्या दारापर्यंत यायचे, म्हणून काकू त्याच्या पायावर आपला पाय ठेवून उभ्या राहायच्या.

"खोडकर आहे, पण कामाला वाघ आहे," काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा, आत चला. एकदा बघून घ्या, मग काय ते लिहा."

आतल्या खोलीत काका पडून होते. चाळीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवले आणि निवृत्त झाल्यावर खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळले, त्याला आता दोन वर्षे झाली होती. उशाशी एक पितळी घंटी होती. काही हवे असले की ते ती वाजवायचे, आणि बोलणाऱ्याचे व्याकरण चुकले तरीही वाजवायचे. दुसऱ्या कारणासाठीच ती जास्त वाजायची.

"ह्यांना दिवसाला चार-चार चादरी लागतात," काकू सांगू लागल्या. "घरात सहाच आहेत. चादर ओली झाली की मी मशिनीत टाकते, वीस मिनिटांत धुऊन-पिळून हातात. नवी मशीन दार लावून अडीच तास बसते, मध्ये उघडत नाही म्हणे. अडीच तास मी ह्या माणसाला कशावर निजवू? आणि हातानं पिळायचं म्हटलं तर हे बघा." त्यांनी मनगटे पुढे केली. सांधे सुजून लाल झाले होते. "ही मशीन गेली की मी गेले असं समजा."

"'मी गेलेच' असं म्हण," काकांनी घंटी वाजवून सुचवले. "निश्चयार्थ येतो."

मापाड्याने बादली हातात घेतली. सकाळी सातला बसला तो अकरापर्यंत न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिला. काकूंनी हौदात बेचाळीस लिटर पाणी भरले, साबण टाकला. त्या पाण्यात आधी पांढरे कपडे निघाले, मग तेवढ्याच पाण्यात रंगीत, मग चादरी, आणि पाणी पार काळे झाल्यावर त्यात पायपुसणी. नंतर बेचाळीस लिटरचे स्वच्छ पाणी दोनदा. एकूण एकशे सव्वीस. शेवटचे पाणी काकूंनी गटारात जाऊ दिलेच नाही, त्या पाण्यात न्हाणीघराची फरशी आणि शिवाय तिसऱ्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा जिना पुसून निघाला. हे पाणी वजा करायचे की नाही, असे मापाड्याने प्रपत्र उलटसुलट करून शोधले, पण फरशी आणि जिना हे दुसऱ्या विभागाकडे असावेत असे दिसले.

तुलनेसाठी आधुनिक यंत्र हवे होते. ते चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे होते, काचेच्या गोल खिडकीचे. वहिनींनी कौतुकाने त्याच्यावरचा रुमाल काढला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरचे तेवढेच धुणे मापाडी पाठीवर घेऊन वर गेला. पांढऱ्यांची एक फेरी झाली, रंगीत कपड्यांची एक, पायपुसण्यांची एक. चादरी एका वेळी दोनच्या वर मावेनात म्हणून त्यांच्या दोन. पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला अठ्ठेचाळीस लिटर, आणि प्रत्येक फेरी संपली की यंत्र एक गोड धून वाजवायचे. सकाळी सुरू झालेले धुणे दिवेलागणीला संपले. एकूण दोनशे चाळीस लिटर. मापाड्याने बेरीज तीनदा केली, आणि तिन्ही वेळा ती तेवढीच आली.

त्याने प्रपत्रात लिहिले: जुने यंत्र, एक धुणे, एकशे सव्वीस. नवे यंत्र, एक धुणे, दोनशे चाळीस. खाली सही केली.

मोठ्या साहेबांनी प्रपत्र वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"तुमची बादली फुटकी आहे का?"

"नाही साहेब."

"मग डोकं? अहो, नवं यंत्र अठ्ठेचाळीस लिटर घेतं हे सर्वश्रुत आहे. परिपत्रकात छापलंय ते."

"अठ्ठेचाळीसच घेतं साहेब, पण पाच वेळा घेतं."

"मग ती पाच धुणी झाली!"

"तसं नाही साहेब. घरात दिवसाचं जे निघतं त्याला धुणं म्हणतात. ढीग कितीही असो, धुणं एकच. आमच्याकडे पण असंच म्हणतात. 'आज धुणं झालं का?' असं विचारतात, 'आज किती धुणी झाली?' असं कुणी विचारत नाही."

"लोक काय म्हणतात त्यावर विभाग चालत नाही," साहेब म्हणाले. पण त्यांच्या लक्षात आले की धुणे म्हणजे काय हे विभागाने कुठेच लिहून ठेवलेले नाही. ही त्रुटी गंभीर होती. त्याच दुपारी धुणे व्याख्या समिती नेमण्यात आली.

समितीवर तिघे होते. तिघांचेही कपडे बाहेर धुतले जात असल्यामुळे ते या विषयात निष्पक्ष मानले गेले. समितीच्या अकरा बैठका झाल्या. एका सदस्याच्या मते धुणे हे अंगातला शर्ट काढला जातो त्या क्षणी सुरू होते. दुसऱ्याच्या मते एकटा रुमाल हे धुणे नसून प्रक्षालन आहे. तिसऱ्या सदस्याने नवव्या बैठकीत 'वाळत घालणे' हा शब्द उच्चारला आणि तो विषय वारा विभागाचा असल्याचे सांगून त्याला गप्प बसवण्यात आले. शेवटी एकमताने व्याख्या मंजूर झाली: यंत्राने कार्यसमाप्तीचा श्राव्य संकेत दिल्यापासून पुढचा तसा संकेत देईपर्यंत त्याने जे पाणी घेतले असेल, ते एका धुण्याचे पाणी होय.

व्याख्या चोख होती. नवे यंत्र दर अठ्ठेचाळीस लिटरला धून वाजवत होते, तेव्हा परिपत्रक तंतोतंत खरे ठरले. साहेबांनी सुटकेचा नि:श्वास सोडला आणि मापाड्याला जुन्या यंत्राचा आकडा नव्या व्याख्येनुसार पुन्हा काढायला सांगितले.

मापाडी पुन्हा काकूंकडे गेला. यंत्राला एक फिरवायची कळ होती. ती टिकटिक करत शून्यावर यायची आणि मुकाट्याने थांबायची. यंत्र वाजत नव्हते. आजवर कधीच वाजले नव्हते. मापाड्याने व्याख्या आणखी एकदा वाचली. यंत्राने कार्यसमाप्तीचा संकेत आजवर दिलेलाच नाही, म्हणजे त्याचे पहिलेच धुणे अजून संपलेले नाही. ते एकतीस वर्षांपूर्वी सुरू झाले होते आणि अजूनही चालूच होते. दिवसाला एकशे सव्वीस लिटर या दराने त्या एका धुण्याला आजवर चौदा लाख पंचवीस हजार सहाशे नव्वद लिटर पाणी लागले होते. लीप वर्षांचे जादा दिवस त्याने आपल्या अधिकारात सोडून दिले. काकूंसाठी त्याला तेवढेच करता येण्यासारखे होते.

आठवड्याच्या आत नोटीस निघाली आणि ती द्यायलाही मापाड्यालाच यावे लागले. काकांनी ती मोठ्याने वाचली. "आपण एकतीस वर्षांपूर्वी सुरू केलेले धुणे अद्याप पूर्ण न केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर धुणे सात दिवसांत पूर्ण करावे, अन्यथा यंत्र अपूर्ण धुण्यासह जमा करण्यात येईल."

"पूर्ण नाही केलं?" काकूंचा आवाज चढला. "मग काल दोरीवर वाळत होतं ते काय होतं?"

"ते धुण्याच्या दरम्यान बाहेर काढलेले कपडे," मापाडी खाली मान घालून म्हणाला.

"एकतीस वर्षं?"

"होय काकू."

"म्हणजे मुलाच्या लग्नात ह्यांनी घातला तो सदरा धुतलेला नव्हता?"

"कायद्याच्या दृष्टीनं तो अर्धवट धुतलेला होता."

काका मात्र खुलले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या गालांवर रंग आला. "अपूर्ण वर्तमानकाळ!" ते म्हणाले. "'ती धुणे धूत आहे.' चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी हे, पण इतकं लांबलचक उदाहरण नाही मिळालं कधी." आणि त्यांनी आनंदाने घंटी वाजवली.

मापाडी चमकला. त्याने घंटीकडे पाहिले, मग न्हाणीघराकडे.

"काकू, ही घंटी मशिनीला बांधली तर?"

"कशाला?"

"श्राव्य संकेत! व्याख्येत एवढंच म्हटलंय की संकेत यंत्रानं द्यायचा. काय वाजवायचं ते नाही म्हटलेलं."

काकूंनी एका जुन्या नाडीने घंटी कपाटाच्या मुठीला बांधली. काकांना त्याऐवजी स्टीलचा पेला आणि चमचा देण्यात आला. यंत्र सुरू केले आणि ते नेहमीप्रमाणे थरथरू लागले, तशी घंटी वाजली. वाजली आणि वाजतच राहिली. पिळताना तर यंत्र चालत दाराशी आले, तोवर तिने कान किटवले.

नियमाप्रमाणे मोजणी झाली. मापाडी कान टवकारून बसला आणि प्रत्येक टणत्काराला कागदावर एक रेघ ओढत गेला. सकाळी सात ते अकरा या वेळात घंटी पाचशे चार वेळा वाजली. पाणी तेच, एकशे सव्वीस लिटर. याचा अर्थ काकूंनी त्या एका सकाळी पाचशे चार धुणी उरकली होती आणि प्रत्येक धुण्याला पाव लिटर पाणी लागले होते. मापाड्याने आकडा खरा आहे याची खात्री करून घेतली आणि निर्धास्तपणे सही ठोकली. नोटीस रद्द झाली. काकूंनी देवाचे आणि मापाड्याचे एकाच वाक्यात आभार मानले, आणि काकांनी पेला वाजवून त्यातले क्रियापद दुरुस्त केले.

हा आकडा पाहून साहेब आधी लालबुंद झाले. शहरातले सर्वांत म्हातारे यंत्र शहरात सर्वांत कमी पाणी पिते, हे विभागाच्या तोंडाला काळे फासण्यासारखे होते. पण साहेब काही उगाच साहेब झाले नव्हते. पाण्याचा आकडा पाण्याला हातही न लावता कमी करता येतो, हे त्यांच्या ध्यानात यायला अर्धा तास लागला. त्यांनी काकूंना जलभूषण गौरवपत्र जाहीर केले. जाड कागद, निळी नक्षी, खाली सोनेरी शिक्का. ते दारावर लावायचे होते.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना जाता-येता ते पत्र दिसू लागले. "माझं अठ्ठेचाळीस आणि त्यांच्या त्या डबड्याचं पाव?" त्या धुसफुसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कारागीर बोलावून आपले यंत्र दर मिनिटाला धून वाजवील असे करून घेतले. त्यांनाही गौरवपत्र मिळाले. मग पाचव्या मजल्याने मागवले, मग समोरच्या इमारतीने. यंत्रे बनवणाऱ्यांनी पावले ओळखली आणि अखंड गाणारे यंत्र बाजारात आणले. त्याचा काचेचा दरवाजा पूर्वीइतकाच वेळ बंद राहायचा आणि पाणी पूर्वीइतकेच जायचे, पण त्याच्या पेट्यांवर 'प्रति धुणे अर्धा लिटर' असे खऱ्या अर्थाने खरे वाक्य छापलेले होते. सकाळी सातला शहरात असा काही किणकिणाट सुरू व्हायचा की शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारायची तर उठून जावे लागायचे. मापाड्याच्या बायकोनेही मागे न राहता यंत्र दुरुस्त करून घेतले. "तुम्ही विभागात, आणि आपल्याच दारावर पत्र नाही, बरं दिसतं का?" ती म्हणाली. मापाड्याने पत्र दारावर लावले, थोडे तिरके झाले म्हणून काढून पुन्हा सरळ लावले.

वर्षअखेरीस शहराची सरासरी प्रति धुणे पाऊण लिटरवर आली. साहेबांचा सत्कार झाला. सत्कारानंतर त्यांनी खुर्चीत बसून पुढचे पाऊल उचलले, आणि ते इतके सरळ होते की त्यात कुणाला खोट काढता येईना. एका धुण्याला पाऊण लिटर पाणी पुरते. घरात दिवसाला एकच धुणे असते. या एका मुद्द्यावर विभागाने लोकांची व्याख्या जशीच्या तशी मान्य केली. सबब प्रत्येक घराला धुण्यासाठी दिवसाला पाऊण लिटर पाणी देण्यात येईल. वाचलेले सगळे पाणी मुख्य जलवाहिनीत वळवण्यात आले आणि तळमजल्यावर टेबलापर्यंत जायला दोन विटांच्या जागी तीन विटा रचाव्या लागल्या.

पहिल्या आठवड्यात शहराच्या तोंडचे पाणी पळाले. काचेच्या खिडक्यांमागे साबण लावलेले कपडे कोरडे पडले आणि यंत्रे गात राहिली. जिन्यात बायकापुरुष जमले. आरडाओरडा झाला. त्याची दखल घेऊन विभागाने प्रपत्र धु-अकरा काढले. अगदी चार ओळींचे प्रपत्र. 'माझ्या घरच्या धुण्यास पाऊण लिटरहून अधिक पाणी लागते. माझ्या दारावरील गौरवपत्रातील आकडा खरा नाही. सदर गौरवपत्र मी परत करीत आहे. मला पुरेसे पाणी मिळावे.' खाली सही. निम्म्या घरांनी जरी सह्या केल्या, तरी पाणी पूर्ववत करण्यात येईल, असे विभागाने लेखी दिले होते.

मापाडी गठ्ठा घेऊन दारोदार फिरला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी प्रपत्र वाचले आणि दाराकडे नजर टाकली.

"पत्र परत करायचं? मग दारावर तो चौकोन पांढरा दिसेल हो. येणारेजाणारे काय म्हणतील?"

"पण पाणी मिळेल वहिनी."

"सगळ्यांनी केल्या सह्या की मी करते. आधी बाकीच्यांचं बघा."

बाकीचेही तेच म्हणाले. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर आपल्याला पाणी पुरते असेच ठणकावून सांगितले. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवर साबण वाळून पापुद्रे आले होते.

मापाडी काकूंच्या घरी आला तेव्हा काकांच्या अंगाखाली चादर नव्हती, जुना पडदा घातला होता. काकू दोन दिवसांत खंगल्यासारख्या दिसत होत्या. मापाड्याने प्रपत्र पुढे केले आणि का कोण जाणे, म्हणाला, "काकू, थोडं थांबलात तर... अजून कुणी सही केलेली नाही."

"थांबू? आणि ह्यांनी पण थांबायचं का?" काकूंनी विचारले. "किती लागतं ते तुम्हीच बसून मोजलंत ना उंबऱ्यावर? एकशे सव्वीस. मग तेच लिहिते."

"लिही," आतून काका म्हणाले. त्यांनी पेला वाजवला नाही. काकूंनी सही केली, दारावरचे पत्र काढले आणि घडी न पाडता मापाड्याच्या हातात दिले.

संध्याकाळी मापाडी घरी आला. गठ्ठ्यात त्याच्या स्वतःच्या घरचेही एक प्रपत्र होते. त्याने पेन काढले, टोपण उघडले. बायको म्हणाली, "सही कराल तर मोजणारा माणूसच खोटा ठरेल. नोकरीत आहात, जरा विचार करा." त्याने विचार केला. एका सहीने निम्मे शहर होत नाही, हे गणित त्याने तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा ते बरोबर आले. त्याने टोपण लावले.

शहरभरातून एकच धु-अकरा आले. विभागाने ते बारकाईने अभ्यासले. लाखो घरांना पाऊण लिटर पुरते, फक्त एका घराला एकशे सव्वीस लागतात. मग शहरात पाणी का नाही, हे कळायला आणखी काय हवे? 'पाणीटंचाईचे कारण सापडले' असे निवेदन दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध झाले. दुपारी टेम्पो आला. चौघांनी यंत्र जिन्यावरून उतरवले तेव्हा जिन्यात बरीच गर्दी होती. "मी म्हणतच होते," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या त्या डबड्यापायी आपल्या सगळ्यांना त्रास." निवेदनाचे शब्द ओळखीचे असल्यामुळे सगळ्यांना ते पटले होते.

दोन दिवसांनी मापाडी जमा-पावती द्यायला गेला. नळाला पाणी आलेले नव्हतेच. काकू न्हाणीघरात खाली बसल्या होत्या. दोघांच्या आंघोळीचे वाचवून ठेवलेले पाणी एका टबात होते आणि त्यात एक चादर. त्यांनी ती उचलली, पण मनगटे वळेनात.

"आलास का? बरं झालं," पहिल्यांदाच त्यांनी त्याला एकेरीत हाक मारली. "ते टोक धर."

मापाड्याने टोक धरले. दोघांनी उलट्या दिशांनी पीळ दिला. पाणी टबात पडू लागले. त्याची नजर सवयीने खुणेच्या बादलीकडे गेली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. चादर पिळून झाल्यावर तो पावती घेऊन आत काकांकडे गेला.

काकांनी पावती डोळ्यांजवळ धरून वाचली. "'यंत्र जमा करून घेण्यात आले,'" ते म्हणाले. "वाक्य शुद्ध आहे. पण ह्यात कर्ता नाही रे. कुणी केलं हे?"

मापाडी उभा राहिला. त्याला उत्तर येत होते. फार मोठी यादी होती आणि तिच्यात त्याचे स्वतःचे नाव बरेच वर होते. त्याने पावतीची पोच घेतली आणि तो जिना उतरला.

प्रपत्र धु-अकरा अद्याप बंद झालेले नाही. तळमजल्यावर, विटांच्या रांगेच्या शेवटी जी खिडकी आहे, तिथे सकाळी दहा ते पाच मापाडी कोरी प्रपत्रे घेऊन बसलेला असतो. निम्म्या घरांच्या सह्या अजूनही चालतील असे वरून कळवण्यात आले आहे. आम्ही तुमच्या दारी हेच सांगायला आलो होतो. सांगून झाल्यावर लगेच निघणार आहोत, पेन आमच्याकडे आहे. तुमच्या दारावरचे गौरवपत्र मात्र फार देखणे दिसते हो. चौकट कुठे करून घेतलीत?